एका सेकंदाची लांबी किती? मुलांच्या हातात कॅसेट देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या कपाटात चाळीसेक कॅसेट्स आणि एक जुना टेप सापडला. नऊ वर्षांची मुलगी विचारते, "ह्यात गाणं कुठे असतं?" आणि लगेच, "पुढचं गाणं लावायला कुठे दाबायचं?" तिला हे कसं समजवायचं? शिवाय एका कॅसेटवर 'आईच्या ओव्या, १९८७' असं लिहिलंय, ती तिला ऐकवायची आहे.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. ओव्यांची कॅसेट आज टेपमध्ये घालू नका, कितीही मोह झाला तरी. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेला टेप पहिल्याच कॅसेटचं रीळ खाईल असं नाही, पण खाल्लंच तर ते ह्या कॅसेटचं नको. ढिगातून ज्यांच्यावाचून काही अडणार नाही अशा दोन कॅसेट्स बाजूला काढा, एक फोडायला आणि एक वाजवायला. फोडायची ती पाच स्क्रूंची घ्या. काही कॅसेट्स स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या उघडताना तुटतात आणि मुलांना वाटतं आपल्याच हातून मोडली.

आता मुलीचा प्रश्न. बहुतेक घरांत "कॅसेट म्हणजे त्या काळचा पेनड्राइव्ह" असं सांगून विषय संपवला जातो. ही तुलना पहिल्या मिनिटाला सोयीची वाटते आणि दुसऱ्या मिनिटाला गळ्यात येते. पेनड्राइव्हमध्ये गाण्याला नाव असतं, यादी असते, पहिलं गाणं आणि पन्नासावं गाणं सारख्याच वेळात सुरू होतं. कॅसेटला यातलं काही ठाऊक नाही. तिच्यात गाणं म्हणजे पट्टीचा अमुक मीटरचा तुकडा, बस. इथे वेळ लांबीत मोजायचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की रिवाइंड का करायचं, बाजू का पालटायची, शेवटचं गाणं अर्धवट का तुटायचं, हे मुलं स्वतःच सांगू लागतात.

म्हणून सुरुवात फूटपट्टीने करा. कॅसेट कुठल्याही कंपनीची असो, टेप फिलिप्सचा असो की नॅशनल पॅनासॉनिकचा, रीळ सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच वेगाने सरकतं. (फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट आणली आणि पुढे इतर कंपन्यांना ती परवाना-शुल्काशिवाय बनवू दिली. माप आणि वेग जगभर एकच राहिला तो त्यामुळे.) फोडायच्या कॅसेटमधून बोटाने थोडं रीळ बाहेर ओढा आणि मुलीला तिची तीन बोटं जुळवून त्यावर ठेवायला सांगा. त्या तीन बोटांखाली साधारण एक सेकंद आहे. मग एक मीटर मोजा, २१ सेकंद झाले. चार मिनिटांच्या गाण्याला साडेअकरा मीटर लागतात, म्हणजे दाराच्या उंबऱ्यापासून बैठकीची खोली ओलांडून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आणि वर थोडं. रीळ खरोखर तेवढं पसरून दाखवा. "गाणं कुठे असतं" याचं इतकं सरळ उत्तर दुसरं नाही.

आता गणित तिलाच करू द्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं, म्हणजे १८०० सेकंद, गुणिले ४.७६, म्हणजे पंच्याऐंशी मीटरच्या थोडं वर. प्रत्यक्षात आत ९० मीटरच्या आसपास रीळ असतं, थोडं जास्तीचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३५ मीटर. डबी मात्र तेवढीच, मग जास्तीचं रीळ मावतं कसं? पातळ करून. सी-६० चं रीळ सुमारे १८ मायक्रॉन जाड असतं, सी-९० चं १२ आणि सी-१२० चं ९. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरा. सी-१२० अडकायची, ताणली जायची आणि सुरकुतायची ती याच पातळपणामुळे. दोन तासांचं कीर्तन एका कॅसेटमध्ये बसवायच्या हौसेने ती घेतली जायची आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्याला रडायची.

बाजू पालटण्याबद्दल एक गैरसमज मोठ्यांचाही असतो, की दुसऱ्या बाजूची गाणी पट्टीच्या पाठीवर असतात. तसं नाही. पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद आहे आणि आवाज तिच्या एकाच तोंडावर, चार समांतर रेघांमध्ये भरलेला असतो. एका कडेच्या दोन रेघा पहिल्या बाजूच्या, डावा आणि उजवा आवाज. दुसऱ्या कडेच्या दोन दुसऱ्या बाजूच्या, उलट दिशेने भरलेल्या. दुपदरी रस्त्यासारखं समजा. कॅसेट उलटी केली की दुसरी मार्गिका हेडसमोर, म्हणजे टेपमधल्या आवाज वाचणाऱ्या भागासमोर, येते. यातूनच एक निदान हाती लागतं. कॅसेट लावल्यावर शब्द उलटे आणि कोंदट ऐकू आले, तर डबीच्या आत रीळ पिळलं गेलंय आणि हेडसमोर त्याची पाठ आली आहे. पेन्सिलीने पीळ सापडेपर्यंत रीळ फिरवा आणि सरळ करा.

पेन्सिल निघालीच आहे, तर नटराजची षटकोनी घ्या. चाकाच्या भोकात सहा दाते असतात, पेन्सिलीच्या कडा त्यांत अडकतात. मुलांना हा भाग फार आवडतो.

मग टेपमध्ये वाजवायची कॅसेट लावून तिला दोन्ही चाकांकडे बघायला सांगा. दहा सेकंद मोजा आणि फेऱ्या मोजा. रिकामं चाक सातेक फेऱ्या मारतं, भरलेलं तीनच. रीळ दोघांवरून एकाच वेगाने सरकतंय, पण भरलेल्या चाकाचा घेर मोठा. "मग ओढतं कोण?" हा प्रश्न तिने विचारला तर उत्तम, नाही तर तुम्ही विचारा. चाकं ओढत नाहीत, ती फक्त सोडतात आणि गोळा करतात. ओढते ती हेडच्या शेजारची काडेपेटीच्या काडीएवढी चकचकीत सळई, कॅप्स्टन, आणि तिला दाबून धरणारं काळं रबरी चाक. रीळ त्या दोघांच्या चिमटीतून एकसारख्या वेगाने जातं.

टेपवरचा तीन आकडी काउंटर चाकाला जोडलेला असतो, घड्याळाला नाही. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत त्यावर जितके आकडे पळतात, त्याच्या जवळजवळ निम्मेच शेवटच्या पाच मिनिटांत पळतात. जुन्या कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्याच्या नावापुढे ०००, ०७२, १३५ असे आकडे लिहिलेले सापडले तर ते हेच. 'पुढचं गाणं' लावायची रीत अशी होती: फॉरवर्ड दाबायचं, आकडा जवळ आला की थांबवायचं, ऐकायचं, पुढे गेलं असेल तर मागे यायचं. आणि हे आकडे त्याच टेपवर चालायचे, शेजाऱ्यांकडे नेल्यावर नाही.

आवाज पट्टीवर चिकटतो कसा, हे चुंबकाने दाखवा. पट्टीचा तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा आहे. गंजाचाच भाऊबंद म्हणा ना. हेड म्हणजे बारीक फट असलेला विद्युतचुंबक. आवाजाच्या चढउताराप्रमाणे तो भुकटीवर चुंबकाच्या खुणा उमटवत जातो, आणि वाजवताना त्याच खुणा हेडमध्ये बारीकसा वीजप्रवाह उठवतात. वाजवायच्या कॅसेटचं वीतभर रीळ बाहेर काढून त्यावरून फ्रिजवरचा चुंबक चार-पाच वेळा फिरवा, पेन्सिलीने आत गुंडाळा आणि वाजवा. तेवढ्या जागी गाणं खोल जाईल किंवा पार नाहीसं होईल. वीतभर म्हणजे चार सेकंद, हेही तिने आधीच सांगितलेलं असेल. प्रयोग झाला की चुंबक दुसऱ्या खोलीत. ओव्यांची कॅसेट आणि चुंबक एका टेबलावर नकोत.

रेकॉर्डचं लाल बटण प्लेबरोबरच दाबायला का लागतं? चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. रेकॉर्ड करताना रीळ आधी खोडणाऱ्या हेडवरून जातं, मग लिहिणाऱ्या. म्हणजे जुनं पुसून नवं, आणि पुसलेलं परत आणायला कचऱ्याची टोपली नाही. म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेला दोन नाजूक चिवट्या असतात. बाजू आपल्याकडे आणि रीळ दिसणारी उघडी कड खाली धरली, की त्या बाजूची चिवटी वर डाव्या कोपऱ्यात येते. ती मोडली की टेपमधला खटका त्या खड्ड्यात जातो आणि लाल बटण दबतच नाही. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटना चिवट्या नसतातच. पण खड्ड्यावर सेलोटेप लावला की त्याही पुसून भरता यायच्या, आणि घरोघरी तसं झालं आहे. तेव्हा कव्हरवर एका गायकाचं नाव आणि आत शेजारच्या बारशाचा गोंधळ निघाला तर बिचकू नका.

फोडायच्या कॅसेटचे पाच स्क्रू काढताना ती सपाट ताटात ठेवा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. आत दोन चाकं, कोपऱ्यांत दोन छोटे रोलर, रिळाच्या वर-खाली दोन गुळगुळीत कागद, आणि मध्यभागी पितळी पट्टीवर बसवलेला नमद्याचा चौकोनी तुकडा. हा तुकडा रीळ हेडला टेकवून धरतो. आवाज मधूनच बारीक आणि कोंदट होणाऱ्या कॅसेटमध्ये दहापैकी कित्येक वेळा तोच गळून पडलेला असतो, कारण त्याचा गोंद वाळतो. म्हणून फोडलेली कॅसेट टाकू नका. तिचा नमदा, रोलर आणि डबी पुढे ओव्यांच्या कॅसेटला उपयोगी पडू शकते. डबी बदलायची म्हणजे दोन्ही चाकं रिळासकट अलगद उचलून नव्या डबीत ठेवायची, रीळ रोलरच्या बाहेरून आणि नमद्याच्या पुढून जातंय ना एवढं बघायचं.

आता टेपची तयारी. हे काम मोठ्यांचं, मुलीने शेजारी बसून बघावं. मेन्सची वायर लावू नका. तिचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं आणि आतले कपॅसिटर किती टिकलेत याचा भरवसा नाही. सेलवर चालवा. चार मोठे सेल असतील तर ६ व्होल्ट, सहा असतील तर ९. सेलच्या खोबणीत पांढरा-हिरवा थर असेल तर आधी तो साफ करायचा. साध्या झिंक-कार्बन सेलचं पाणी आम्लधर्मी, त्याला खाण्याच्या सोड्याचा ओला बोळा. अल्कलाइन सेलचं उलट, त्याला व्हिनेगर. मग कोरडं पुसून पत्र्यांवर बारीक पॉलिश पेपर.

झाकण उघडून बेल्ट बघा. रबरी बेल्टचं वयानुसार दोनपैकी एक होतं, तो सैल पडतो किंवा डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. वितळलेला असेल तर हातमोजे घाला, ते काळं बोटांवरून आठ दिवस जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी प्रत्येक खाच स्वच्छ करा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं. नव्या बेल्टच्या मापासाठी चाकांभोवती दोरा फिरवून लांबी घ्या आणि त्यातून पाच ते दहा टक्के कमी करा. त्याहून घट्ट घेतला तर मोटर ओढते आणि आवाज कापरा होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून बेल्ट मिळतात, ऑनलाइन मिश्र मापांची पुडी मिळते.

हेड आणि कॅप्स्टन त्याच अल्कोहोलने पुसा, काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोलचा मारा नको, ते कडक पडतं. ओल्या फडक्याला साबणाचा थेंब पुरे. चाक काचेसारखं चकाकत असेल तर त्याची पकड गेली आहे आणि तेच रीळ तिरपं खेचून खाणार. 'टेपने कॅसेट खाल्ली' यात मुख्य गुन्हेगार दोन, हे कडक रबर आणि न फिरणारं उजवं चाक. कॅप्स्टन रीळ पुढे ढकलत राहते, उजवं चाक गोळा करत नाही, आणि ते वळसे रबरी चाकाभोवती बसतात. म्हणून कॅसेट न घालता प्ले दाबून उजवा दांडा फिरतोय का बघा, बोटाने हलकेच अडवा. सोडल्यावर लगेच फिरायला हवा. पेचकसाचं टोक चुंबकाचं असेल तर हेडच्या जवळ आणू नका.

वेग तपासायला पुन्हा फूटपट्टी. टाकाऊ रिळाच्या आतल्या बाजूला चंदेरी मार्करने दोन ठिपके करा, बरोबर ४ मीटर ७६ सेंटिमीटर अंतरावर. पहिला ठिपका हेडशी आला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, दुसरा आला की बंद. १०० सेकंद यायला हवेत. ९४ आले तर टेप सहा टक्के जोरात पळतोय, म्हणजे पेटीवरच्या पांढरी एकमध्ये गायलेलं काळी एकमध्ये, एक पट्टी वर, ऐकू येईल, आणि पणजी नात होऊन ओव्या म्हणेल. बऱ्याच मोटरींच्या पाठीवर लहानसं भोक असतं, आत पेचकसाने किंचित फिरवायचा स्क्रू. अगदी तसूभर फिरवा, पुन्हा मोजा. स्टॉपवॉच मुलीच्या हातात द्या.

हे सगळं जमलं आणि टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी तक्रार न करता वाजली, मगच ओव्या. आधी खिडकीतून उजेडात बघा. रिळाच्या कडेवर पांढुरकी भुकटी असेल तर ती बुरशी आहे, आपल्या पावसाळ्याची देणगी, कोकणातल्या घरांत तर नेहमीची. अशी कॅसेट तशीच वाजवू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटमध्ये जाते. तोंडाला मास्क लावून, गॅलरीत बसून, रीळ कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याच्या घडीतून हळूहळू सरकवत पेन्सिलीने दुसऱ्या चाकावर गुंडाळा. वेळ खाणारं काम आहे, त्याला इलाज नाही.

बुरशी नसेल तर कॅसेट तळहातावर दोन्ही बाजूंनी हलकेच आपटा, मग पेन्सिलीने दोन-चार फेऱ्या फिरवून बघा. चाक अडत असेल तर डबी बदला. मोकळं असेल तर एकदा पूर्ण फॉरवर्ड, एकदा पूर्ण रिवाइंड. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. मात्र फॉरवर्ड करताना टोक जवळ आलं की थांबवायच्या बटणावरून बोट काढू नका. रीळ चाकाला जिथे जोडलेलं असतं तो सांधा जुना झालेला असतो, आणि शेवटच्या झटक्याला तोच तुटतो. तुटलाच तर सेलोटेप नको. त्याचा गोंद कडेने पाझरून शेजारच्या थराला आणि हेडला लागतो. ३.८१ मिलिमीटरची स्प्लायसिंग टेप, म्हणजे रीळ जोडायची खास चिकटपट्टी, मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत कापायची, टोकाला टोक भिडवायचं आणि पट्टी चाकांकडच्या बाजूने चिकटवायची, हेडच्या बाजूने नाही.

सेलवरच्या टेपच्या इयरफोनच्या भोकातून वायर थेट लॅपटॉपला जोडायचा बेत असेल, तर लॅपटॉपचं एकुलतं भोक बहुधा माइकचं, एकेरी आणि फार संवेदनशील असतं, आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा टेपचा व्हॉल्यूम ठेवा. आवाज कोंदट वाटला तर हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो, तो वाजत असताना पाव फेरीपर्यंत इकडे-तिकडे फिरवा आणि 'स', 'श' सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. १९८७ साली ज्या टेपवर त्या ओव्या भरल्या, त्याचं हेड तुमच्या टेपच्या हेडइतकंच सरळ होतं असं नसतं.

पहिल्याच खेपेला उतरवून घ्यायला सुरुवात करा, 'आधी ऐकून बघू, मग' असं नको. जुनं रीळ दुसऱ्यांदा वाजेलच याची हमी नाही. साठ मिनिटं उतरवायला साठ मिनिटंच लागतात, याचं मुलीला नवल वाटेल, पण लांबीचा हिशोब तिला आता माहीत आहे. तासाभराची मूळ फाइल ६३५ एमबीच्या आसपास होईल. ती तशीच ठेवा, नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री वेगळी करा. पार्श्वभूमीची खरखर काढायचं बटण दाबायची घाई करू नका. त्याबरोबर जात्याची घरघरही जाते.

मग दोन्ही चिवट्या मोडा, कॅसेट शेवटपर्यंत एका सलग वेगाने वाजवून गुंडाळा, डबीत उभी ठेवा, सिलिका जेलची पुडी घालून, स्पीकरपासून दूर.